बीएमआयएम पीएफ६ मधे रिॲक्शन लावली, फ्लास्क आतून दुधाळ झाला आणि पार्टनरची बोटं ठणकतायत. काय झालं असेल?

चंचुपात्र
रात्री ९:५२

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका असतील तर समजून घ्या. मी एमएस्सी ऑरगॅनिकच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, प्रोजेक्टला आयॉनिक लिक्विडमधे (म्हणजे साध्या तापमानालाही द्रव राहणारं, नुसत्या आयनांचं मीठ) एस्टर बनवायचंय. सरांनी कपाटातून बीएमआयएम पीएफ६ ची बाटली काढून दिली (पूर्ण नाव १-ब्युटिल-३-मिथाइलइमिडॅझोलियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट), पाच-सहा वर्षांपूर्वी कुणा पीएचडीवाल्याने मागवलेली, अर्धी संपलेली, कधी उघडली ते लेबलवर लिहिलेलंच नाही. सर म्हणाले हे ग्रीन सॉल्व्हंट आहे, उडून जात नाही, वास नाही, पेट घेत नाही, त्यामुळे फ्यूमहूडचा (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) पंखा बंद असला तरी चालेल, बाहेर टेबलावरच लावा.

आम्ही बेंझिल अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड घेतलं, थोडं पीटीएसए (कॅटॅलिस्ट म्हणून ॲसिड) टाकलं, ऑइल बाथ १०० डिग्रीला, रात्रभर. मग प्रॉडक्ट इथरने काढून घ्यायचं, खाली उरलेलं लिक्विड पाण्याने एकदा धुवायचं आणि पुढच्या खेपेला परत तेच वापरायचं, कारण "पाच वेळा रिसायकल होतं" हेच प्रोजेक्टमधे दाखवायचंय. ही तिसरी खेप होती.

दुपारी फ्लास्क रिकामा केला तर काच आतून दुधाळ. म्हणजे लिक्विड जिथपर्यंत होतं तिथपर्यंतच, त्याच्या वर एकदम स्वच्छ, मधे सरळ रेष आखल्यासारखी. आधी वाटलं प्रॉडक्ट चिकटलंय, माझ्या पार्टनरने ॲसिटोनने धुतला, साबण लावला, ब्रश मारला, शेवटी नखाने खरवडून पाहिलं, निघतच नाही, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. तिच्या हातात ते नेहमीचे पातळ निळे ग्लोव्ह होते, नंतर काढताना दिसलं की उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकाशी फाटलेत.

आता आम्ही हॉस्टेलवर आहोत आणि साधारण सातपासून तिची तीच दोन बोटं ठणकतायत, नखाखाली जास्त. दिसायला काहीच नाही, लाल नाही, फोड नाही. डाउनलोड केलेल्या सेफ्टी डेटा शीटमधे फक्त "त्वचेला जळजळ होऊ शकते" एवढंच आहे. ती म्हणते सकाळपर्यंत बघू. काही लावायचं का?

नरसाळं
रात्री १०:०१

सकाळपर्यंत अजिबात थांबू नका. अंगावर काढायचं दुखणं नाही हे. आत्ताच्या आत्ता निघा.

काच दुधाळ झाली याचा अर्थ एकच, लिक्विडमधे हायड्रोफ्लुरिक ॲसिड तयार झालंय, एचएफ. काच खाणारं ॲसिड ते हेच. तुमच्या बाटलीवर त्याचं नाव नसणार कारण ते बाटलीत विकत घेतलेलं नाही, फ्लास्कमधे बनलंय. आणि पातळ एचएफची खोड अशी की लागतं तेव्हा कळतच नाही, दुखणं काही तासांनी सुरू होतं, २० टक्क्यांपेक्षा पातळ असेल तर २४ तासांपर्यंतसुद्धा उशीर होऊ शकतो. वरून कातडी चांगली आणि आतून ठणका, हे वर्णन तू जसंच्या तसं लिहिलंयस.

निघायच्या आधी दोन्ही हात वाहत्या पाण्याखाली धर, म्हणजे तिचे पण आणि तुझे पण, नखांच्या खाली नीट पाणी जाऊ दे, अंगठी असेल तर काढा. फार वेळ घालवू नका, पाच मिनिटं पुरे. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे "केमिकल लागलंय" असं मोघम सांगू नका, "हायड्रोफ्लुरिक ॲसिड लागल्याचा संशय आहे, कॅल्शियम ग्लुकोनेट हवंय" हे शब्द कागदावर लिहून न्या. काय लागलं, किती वाजता, किती वेळ संपर्क होता तेही.

ड्युटीवरची
रात्री १०:०९

कॅज्युअल्टीत काम करते म्हणून मधे बोलते. वरच्या ताईंनी सांगितलंय ते सगळं बरोबर. फक्त एक तयारी ठेवा, तिथल्या डॉक्टरने एचएफची केस आयुष्यात कधी पाहिलेली नसण्याची शक्यता बरीच आहे, आणि बोट वरून नॉर्मल दिसतंय म्हणून पेनकिलर देऊन घरी पाठवतील. शांतपणे पण ठाम राहून सांगा.

फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम पकडतं, दुखणं त्याचंच असतं, त्यामुळे उपाय म्हणजे बाहेरून कॅल्शियम पुरवणं. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायचं. ते तयार मिळालं नाही तरी अडत नाही, प्रत्येक हॉस्पिटलमधे कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्केवालं १० मिलीचं ॲम्प्युल असतंच, ते एक ॲम्प्युल आणि ३० मिली पाण्यात विरघळणारी साधी जेली एकत्र केली की झालं २.५ टक्के. पण ती जेली बघून घ्या! वॉर्डात कॅथेटरसाठी जी हाताशी असते ती बहुतेक वेळा लिग्नोकेनवाली असते, म्हणजे बधिर करणारी, ती चालणार नाही. बोट सुन्न करायचं इंजेक्शनही मागू नका. कारण इथे ठणका थांबणं हीच औषध लागू पडल्याची खूण आहे, सुन्न केलं की ती खूण जाते आणि आत नुकसान चालूच राहतं.

एक मोठा ग्लोव्ह घेऊन त्यात ते जेल भरायचं आणि हात आत घालून ठेवायचा, बोटांसाठी हे सगळ्यात सोपं. चोळणाऱ्याने स्वतः ग्लोव्ह घालून चोळायचं. जेलने अर्ध्या-पाऊण तासात फरक नाही पडला तर पुढचं डॉक्टर बघतील, इंजेक्शनने ग्लुकोनेट देता येतं, ते मात्र त्यांचंच काम. दोन बोटांच्या टोकांना पातळ लागलंय तर हृदयावर परिणाम व्हायची भीती जवळजवळ नाही, तरी ईसीजी आणि रक्तातलं कॅल्शियम बघून घ्या, मोठा भाग भाजलेल्या केसमधे कॅल्शियम झपाट्याने खाली येतं आणि तिथे माणूस दगावतो.

चंचुपात्र
रात्री १०:१४

निघालो. रिक्षात आहोत. ती रडतेय आता, म्हणते नख आतून कुणीतरी उचकटतंय असं वाटतंय. ताई तुमचे मेसेज तिथे दाखवते.

पीएच७
रात्री ११:२०

मुलीला बरं वाटू दे, दवाखान्यात गेल्या ते योग्यच केलं. पण एक सांगावंसं वाटतं, बीएमआयएम पीएफ६ चा इतका बाऊ करू नका. मी पीएचडीची साडेचार वर्षं हेच लिक्विड वापरलं, मेटल आयन एक्स्ट्रॅक्शनसाठी, पाण्याबरोबर रोज हलवायचो, कधी काही झालं नाही. वास नाही, वाफ नाही, डायक्लोरोमिथेनच्या तुलनेत कितीतरी सुखाचं काम. नाहीतर हे वाचून पोरं आयॉनिक लिक्विडला हातच लावणार नाहीत.

चंचुपात्र
सकाळी ८:३५

आलो आम्ही पहाटे. ती झोपलीय. पहिल्या डॉक्टरांनी खरंच पेनकिलर लिहून दिली होती. मी कागद पुढे केला आणि वरचे मेसेज वाचून दाखवले, मग त्यांनी सीनियरना बोलावलं, ते चांगले होते, लगेच ॲम्प्युल मागवली. जेली लिग्नोकेनवालीच आणली होती, मी ओरडलेच जवळजवळ. मग साधी मिळाली. ग्लोव्हमधे जेल भरून हात दिला, पहिली वीस मिनिटं काहीच नाही, साधारण पाऊण तासाने ती म्हणाली की कमी होतंय, परत जेल बदललं, दीड वाजता बऱ्यापैकी थांबलं. मधल्या बोटाला नखाखाली फिकट पांढरट भाग दिसतोय. ईसीजी नॉर्मल, कॅल्शियम नॉर्मल. दोन दिवसांनी परत बोलावलंय.

ड्युटीवरची ताई, नरसाळं ताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

आता मला समजून घ्यायचंय. पीएच७ सर म्हणतात साडेचार वर्षांत काही झालं नाही, आणि आमचं तिसऱ्याच खेपेला हे. फरक कुठे पडला? आणि तो फ्लास्क, उरलेलं लिक्विड, इथर, धुतलेलं पाणी सगळं तसंच टेबलावर पडलंय, सोमवारी इतर मुलं येतील.

नरसाळं
सकाळी ९:१०

हुश्श. बरं वाटलं वाचून.

पीएच७, तुमचा अनुभव खरा आहे आणि तिचाही. तुम्ही रूम टेंपरेचरला, न्यूट्रल पाण्याबरोबर काम करत होतात. त्या परिस्थितीत पीएफ६ आयन बराच टिकतो. तो फुटायला ॲसिड आणि उष्णता लागते, आणि अर्थात पाणी. आता हिची रिॲक्शन बघा. पीटीएसए म्हणजे ॲसिड. ऑइल बाथ १०० डिग्री. आणि एस्टरिफिकेशनमधे एस्टरच्या जोडीने काय बनतं, तर पाणी! तिन्ही गोष्टी एकाच फ्लास्कमधे रात्रभर. वर परत ते लिक्विड प्रत्येक खेपेनंतर पाण्याने एकदाच धुतलंय आणि वाळवलेलं नाहीये, म्हणजे मागच्या खेपेचं ॲसिड आणि पाणी पुढच्या खेपेत आलं. पाण्यात मिसळत नाही म्हणजे पाणी घेत नाही असं नसतं, बीएमआयएम पीएफ६ पाण्याशी मुरलं की वजनाच्या एक टक्क्याहून थोडं जास्त पाणी आपल्यात धरून ठेवतं.

मग होतं असं की पीएफ६ मधला एकेक फ्लोरीन पाण्याने सुटत जातो, मधे पीओएफ३ वगैरे बनतात, शेवट फॉस्फेटपर्यंत जातो, आणि प्रत्येक पायरीला एचएफ बाहेर पडतं. हे एचएफ स्वतः ॲसिड, त्यामुळे पुढचं फुटणं आणखी जोरात. ते काचेला लागलं की काचेतल्या सिलिकाचं सिलिकॉन टेट्राफ्लुराइड बनतं आणि पुन्हा पाणी सुटतं, ते परत पीएफ६ फोडायला हजर. एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला रेटतं. गणित करून बघ, रेणूभार २८४, त्यात सहा फ्लोरीन म्हणजे ११४, म्हणजे वजनाच्या ४० टक्के फ्लोरीन आहे या लिक्विडमधे. शंभरातला एक रेणू जरी पूर्ण फुटला तरी १० ग्रॅममधून साधारण ४० मिलिग्रॅम एचएफ निघतं. बोटाच्या टोकाला तेवढं खूप झालं.

हे नवीन नाहीये आणि माझं मत पण नाही. २००३ मधे अलाबामा विद्यापीठातल्या रॉबिन रॉजर्स यांच्या ग्रुपने हेच लिक्विड शुद्ध करताना भलतेच क्रिस्टल मिळाले म्हणून तपासले तर ते बीएमआयएम फ्लोराइडचे हायड्रेट निघाले, म्हणजे पीएफ६ फुटलेला. 'ग्रीन केमिस्ट्री' नावाच्याच जर्नलमधे त्यांनी छापलं की आयॉनिक लिक्विड दरवेळी ग्रीन नसतात. आयॉनिक लिक्विडवर आयुष्य घालवलेल्या लोकांनी हे लिहिलंय म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला वीस वर्षं उलटून गेली आणि अजून आपल्याकडे पोरांना "वास नाही म्हणजे सेफ" असं सांगून बंद हूडच्या बाहेर बसवतात, याचा मला खरंच संताप येतो.

"उडत नाही" हे अर्धं खरं आहे ना, म्हणून घोटाळा होतो. लिक्विड स्वतः उडत नाही (तेही साध्या परिस्थितीत, २००६ मधे काही आयॉनिक लिक्विड २००-३०० डिग्रीला व्हॅक्युममधे डिस्टिल करून दाखवलेत), पण ते फुटून जे बनतं ते उडतं. एचएफचा उत्कलनबिंदू १९.५ डिग्री आहे. १०० डिग्रीच्या बाथवर ते कुठे जाणार? तुम्ही दोघी त्या टेबलाशी बसला होतात. घसा, डोळे, छातीत काही वाटतंय का, नीट सांग. वाटत असेल तर आजच परत जा.

चंचुपात्र
सकाळी ९:२६

घसा थोडा खवखवतोय पण तो आधीपासून सर्दीमुळे. दम वगैरे नाही. तिलाही विचारते उठली की. खोकला आला तर जाऊ.

भट्टीकाका
सकाळी १०:४०

मी फ्लोरिनच्या कामात बत्तीस वर्षं काढली, एमआयडीसीतल्या प्लांटमधे, आता रिटायर आहे. आयॉनिक लिक्विड आमच्या काळी नव्हतं पण एचएफ रोजचं. पोरी, आधी तुझी शाबासकी, जेली बदलायला लावलीस ते. मोठी माणसं गप्प बसतात अशा वेळी.

आता टेबलाचं सांगतो. सोमवारपर्यंत थांबू नका, आणि तुम्ही दोघींनी ते एकटीने आवरायचंही नाही. सरांना फोन करा, विभागप्रमुखांना करा, लेखी मेसेज टाका म्हणजे नोंद राहते, आणि लॅबला कुलूप लावून दारावर कागद लावा. आवरायला जो जाईल त्याने पातळ नायट्राइलवर भिस्त ठेवायची नाही, आतून नायट्राइल आणि वरून निओप्रीनचे जाड लांब ग्लोव्ह, नुसता चष्मा चालणार नाही, गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, ॲप्रन. आणि तुझ्या मैत्रिणीने ॲसिटोनने फ्लास्क धुतला ना, ते पातळ ग्लोव्ह ॲसिटोनला काही मिनिटं पण धरत नाहीत, फाटले नसते तरी आत आलंच असतं.

लिक्विड काचेतून प्लॅस्टिकमधे आलं पाहिजे. जाड एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनची बाटली, काच नाही, पत्रा नाही. त्यात हळूहळू कॅल्शियम कार्बोनेटची पूड टाकायची, बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही नाहीतर बाटली फुगेल. फ्लास्क, ब्रश, फाटके ग्लोव्ह, पुसलेले कागद सगळं जाड पिशवीत, वर लिहायचं 'एचएफचा संशय'. तो फ्लास्क धुवून परत वापरायचा मोह करू नका, आतून खाल्लेली काच तापवल्यावर कधी तडकेल सांगता येत नाही. सांडलेलं असेल तर त्यावर वाळू टाकू नका, वाळू म्हणजे सिलिकाच. कार्बोनेटच टाकायचं.

एक महत्त्वाचं, सिंकमधे काही ओतलंय का? हे लिक्विड पाण्यापेक्षा जड आहे ना, आणि पाण्यात मिसळत नाही. मग ते वाहून जात नाही, सिंकखालच्या वाकड्या पाइपात तळाला बसून राहतं. वर पाणी, खाली ते. सहा महिन्यांनी पाइप तुंबला की प्लंबर उघड्या हाताने तो खोलतो. त्या माणसाला कोण सांगणार आत काय आहे?

चंचुपात्र
सकाळी ११:०५

काका, ओतलंय. पहिल्या दोन खेपांचं धुतलेलं पाणी सिंकमधेच गेलं, त्याबरोबर थोडं लिक्विडही गेलं असणार. कुणी सांगितलं नव्हतं. आणि मागच्या आठवड्यात टेबलावर चमचाभर सांडलं होतं ते आम्ही ओल्या फडक्याने पुसलं, ते फडकं अजून नळाला टांगलेलं आहे. तेव्हा पुसलं तरी टेबल चिकट चिकटच राहिलं होतं, काकवी सांडल्यासारखं.

भट्टीकाका
सकाळी ११:३०

मग सिंकला पण कागद लावा, आणि पाइप उघडायचा झाला तर खाली प्लॅस्टिकचा टब ठेवून, ग्लोव्ह घालून, माहिती असलेल्या माणसासमोर उघडू दे. सांगितलंस हे फार चांगलं केलंस.

काकवीचं उदाहरण बरोबर दिलंस. साधं सॉल्व्हंट सांडलं तर दहा मिनिटांत उडून जातं, हे जात नाही, महिनाभर तिथेच. फडक्याने पुसलं की पसरतं. पाण्याने तर अजिबात निघत नाही. आधी कोरड्या कागदाने टिपून घ्यायचं, मग अल्कोहोलमधे भिजवलेल्या कागदाने दोन-तीनदा, मग पाणी. आणि सगळे कागद वेस्टमधे.

आमच्याकडे नवीन पोरगं आलं की मी त्याला एकच सांगायचो, ग्लोव्हचा हात म्हणजे खरकटा हात. जेवताना खरकट्या हाताने आपण डब्याला, वाढायच्या डावाला, दाराच्या कडीला शिवतो का? नाही ना. तसंच. ग्लोव्हच्या हाताने मोबाइल नाही, वही नाही, पेन नाही, कानामागे केस सारायचे नाहीत. आईने लहानपणी शिकवलेलंच आहे सगळं, लॅबमधे विसरतो.

पीएच७
दुपारी १२:१५

नरसाळं, मान्य. मी रात्री लिहिलं ते अपुरं होतं, ॲसिड आणि उष्णतेचा विचार केला नाही, आणि ज्यांना बोटं ठणकतायत त्यांच्या धाग्यावर ते लिहायची वेळही नव्हती. माफ करा.

त्यात एक भर घालतो. पीएफ६ नको म्हणून लोक बीएफ४ कडे (असाच दुसरा फ्लोरीनवाला आयन) वळतात, तो त्याहून लवकर फुटतो, पाण्याबरोबर ठेवला की साध्या तापमानालाही थोडाथोडा. बीएफ४ पाण्यात मिसळतो त्यामुळे लोकांना तो जास्त निरुपद्रवी वाटतो. पाण्याला टिकणारं आणि तरी पाण्यात न मिसळणारं हवं असेल तर एनटीएफ२ (पीएफ६ च्या जागी येणारा आणखी एक आयन) वालं लिक्विड, महाग आहे, पण तिथे सीएफ३ गट कार्बनला घट्ट धरून असतात, असा एचएफ सुटत नाही. अर्थात निसर्गात तेही सहजी मोडत नाही, त्यामुळे वेस्ट नीट गोळा केलं पाहिजेच.

नरसाळं
दुपारी १२:४०

छान लिहिलंत.

मी पुढे जाऊन म्हणेन की एस्टर बनवायला यातलं काहीच लागत नाही. मिथाइलइमिडॅझोल आणि सल्फ्युरिक ॲसिडचं जे लिक्विड बनतं, हायड्रोजन सल्फेट, तेच सॉल्व्हंट आणि तेच कॅटॅलिस्ट, त्यात फ्लोरीनचा पत्ताच नाही. ॲसिड आहे, जपून वापरावं लागतं, पण नेहमीचं ओळखीचं ॲसिड. चंचुपात्र, सरांशी हे बोल, प्रोजेक्ट वाया जाणार नाही. उलट तिसऱ्या खेपेला काय झालं ते तारीखवार लिहून प्रबंधात घाल, ते खरं निरीक्षण आहे.

आणि कॅटायनकडेही (धन आयन, इथे इमिडॅझोलियम; पीएफ६ हा ॲनायन म्हणजे ऋण आयन) बघा, सगळा दोष पीएफ६ चा नाही. इमिडॅझोलियमची साखळी जितकी लांब तितकं ते पेशींच्या पडद्यात घुसतं, ब्युटिलपेक्षा ऑक्टिल जास्त विषारी. इंग्लंडमधे न्यूकॅसलच्या संशोधकांना लँडफिलजवळच्या मातीत ऑक्टिलवालं इमिडॅझोलियम सापडलं आणि २०१८ मधे त्यांनी यकृताच्या एका दुर्मीळ आजाराशी त्याचा संबंध असू शकतो असं मांडलं. बीएमआयएम क्लोराइड तर घरातल्या मिठासारखं पांढरं दिसतं आणि गिळलं तर विषारी आहे. म्हणून नाव "आयॉनिक लिक्विड" एवढंच ऐकून निर्णय घ्यायचा नाही. कॅटायन कोणता, ॲनायन कोणता, आणि आपण त्यात काय टाकून किती तापवणार, हे प्रत्येक वेळी वेगळं बघायचं. डेटा शीट तुम्हाला बाटलीतल्या पदार्थाबद्दल सांगते, तुमच्या रिॲक्शनबद्दल नाही.

लिथियमवाला
दुपारी १:०५

चाकणला बॅटरी पॅकवर काम करतो. आमच्या इलेक्ट्रोलाइटमधे लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट असतं, म्हणजे हाच पीएफ६. सेल फुटला आणि हवेतली ओल लागली की एचएफ. म्हणून आमच्या फर्स्ट एडच्या पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कायम असतं, एक्सपायरी दर महिन्याला बघतात. कॉलेजांना हे कुणी सांगत का नाही? ट्यूब काही फार महाग नसते.

चंचुपात्र
दुपारी ४:५०

सरांशी बोलले. आधी चिडले, मग फ्लास्कचा फोटो पाठवला तर बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर स्वतः लॅबला आले. कुलूप लावलंय, कागद लावलाय, सिंकलाही. वेस्ट काकांनी सांगितलं तसं सरांनीच प्लॅस्टिकमधे काढलं, मला आत येऊ दिलं नाही. कार्बोनेट टाकल्यावर इतका फेस आला की सर मागे सरकले.

मूळ बाटलीचं काय करायचं? अजून ६०-७० मिली आहे. ती चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? ३१पी एनएमआर (फॉस्फरस कोणत्या रूपात आहे ते दाखवणारी तपासणी) करावं का, बाहेर पाठवावं लागेल. आणि हे वेस्ट शेवटी जातं कुठे?

नरसाळं
संध्याकाळी ५:३०

बाटली चालू हूडमधेच उघडायची, तुमचा दुरुस्त होईपर्यंत उघडूच नका. आधी बाहेरून उजेडात धरून बघ, लिक्विडच्या पातळीला काच धुरकट दिसली तर तिथेच उत्तर मिळालं. नसेल तर ओला पीएच पेपर तोंडाशी धरायचा, बुडवायचा नाही. मग प्लॅस्टिकच्या नळीत एक मिली लिक्विड, एक मिली पाणी, हलवून वरचं पाणी घ्यायचं आणि त्याचा पीएच बघायचा. ॲसिडिक आला तर त्या पाण्यावर झिर्कोनियम-अलिझरीनची टेस्ट कर, बीएस्सीला केली असशील, लाल रंग जाऊन पिवळा झाला तर फ्लोराइड. एवढ्यावर भागतं, एनएमआरची गरज नाही. पाठवायचंच झालं तर फॉर्मवर एचएफचा संशय ठळक लिहायचा आणि टेफ्लॉन लायनरवाली ट्यूब आहे का विचारायचं, नाहीतर त्यांच्या प्रोबमधे काचेची ट्यूब खाल्ली जायची.

पाच-सहा वर्षं उघडलेली, तारीख नसलेली बाटली मी तरी वापरणार नाही, टेस्ट चांगली आली तरी.

वेस्टबद्दल काका जास्त सांगतील.

भट्टीकाका
संध्याकाळी ६:१०

चुन्याने किंवा कार्बोनेटने सुटा झालेला फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतो, ते बरं. पण न फुटलेला पीएफ६ तसाच राहतो, म्हणून नंतर सुद्धा ते नाल्यात सोडायचं नाही. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, कॉलेजला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद करून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या केंद्रात पाठवता येतं. एकट्या कॉलेजला परवडत नसेल तर आसपासची दोन-तीन कॉलेजं, एखादी फार्मा कंपनी, यांच्याबरोबर मिळून गाडी बोलवा. लेबलवर "सॉल्व्हंट वेस्ट" लिहू नका, "फ्लोरिनयुक्त, आम्लधर्मी असू शकतं, काचेत ठेवू नये" असं मराठीत पण लिहा, उचलणारा हमाल तेच वाचणार आहे.

आणि पोरीचं नख कसं आहे?

चंचुपात्र
संध्याकाळी ६:४५

आत्ताच बघितलं. तर्जनी एकदम ठीक. मधल्या बोटाचा पांढरट भाग तेवढाच आहे, वाढला नाहीये, दाबलं तर दुखतं पण ठणका नाही. जेल अजून चार-चार तासांनी लावतोय. घसा विचारला, तिला काही त्रास नाही.

ड्युटीवरची
संध्याकाळी ७:०२

ठीक आहे. पांढरट भाग राखाडी किंवा काळपट होतोय, नख वर उचललं जातंय किंवा रात्री ठणका परत सुरू झाला तर दोन दिवसांची वाट न बघता त्याच सीनियरना गाठा. रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवा, बदल पटकन कळतो. आणि जेल संपत आलं असेल तर आजच्या आजच केमिस्टकडून ॲम्प्युल आणून ठेवा, उद्या रविवार आहे.